तीन झाडं विरुद्ध तीन झाडं: पॅरामेट्रिक की नॉन-पॅरामेट्रिक?

नागपुरात एमएस्सी करताना माझा प्रोजेक्ट संत्र्यांवर होता. दोन खतं, प्रत्येकी तीन झाडं आणि प्रत्येक झाडाच्या फळांचं सरासरी वजन. 'नमुना लहान असला की नॉन-पॅरामेट्रिक' हे सीनिअरांकडून ऐकलेलं, म्हणून मी मान-व्हिटनी ही नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे डेटाचं वितरण ठरावीक आकाराचं न धरणारी, चाचणी लावली. एका खताची तिन्ही झाडं दुसऱ्या खताच्या तिन्हींपेक्षा सरस, तरी पी-व्हॅल्यू (खतांत फरकच नसता तर निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता) ०.१०, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेपेक्षा जास्त! दोन दिवस आकडे तपासत बसले.

आकडे बरोबरच होते. ही चाचणी वजनं बघत नाही, फक्त त्यांचा क्रम बघते. सहा क्रमांकांतून तीन निवडायच्या २० तऱ्हा, त्यात टोकाच्या दोनच. २० पैकी २ म्हणजे ०.१०. एका झाडाला भोपळ्याएवढी संत्री लागली असती तरी पी-व्हॅल्यू याखाली गेली नसती. चार-चार झाडं असती तर ७० पैकी २, म्हणजे सुमारे ०.०२९.

उलट टी-टेस्ट, म्हणजे सरासरींची तुलना करणारी पॅरामेट्रिक चाचणी, लहान नमुन्यांसाठीच जन्माला आली. गिनेसच्या ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं ती मांडली. वजनं नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणातून आली असं ती धरून चालते. सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) कळलं की ते वितरण पूर्ण ठरतं. हेच ते पॅरामीटर. अडचण अशी, की सहा आकड्यांवरून हे गृहीतक तपासता येत नाही. त्याचा आधार आधीच्या अनुभवातून घ्यावा लागतो.

नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे गृहीतकंच नाहीत, असं मात्र समजू नका. निरीक्षणं स्वतंत्र हवीतच. एकाच झाडाची चाळीस संत्री ही चाळीस निरीक्षणं धरली, तर दोन्ही पद्धती फसवतात. मान-व्हिटनी मध्यकांची (क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यांची) तुलना करते हेही सरसकट खरं नाही. त्यासाठी दोन्ही वितरणांचा आकार सारखा लागतो.

चवीला दिलेले १ ते ५ गुण, किंवा कळमन्याच्या बाजारातले भाव, जिथे दोन-चार ढीग चढ्या दरानं गेले की सरासरी वर ओढली जाते, तिथे मी क्रमांकांकडेच वळते. नमुना मोठा असेल तर तोटाही फारसा नाही: डेटा नॉर्मल असतानाही मान-व्हिटनीची कार्यक्षमता टी-टेस्टच्या सुमारे ९५ टक्के भरते, म्हणजे टी-टेस्टला ९५ निरीक्षणं लागतील तिथे हिला सुमारे १०० लागतात.

माझ्या सहा झाडांवर टी-टेस्ट ०.०५ च्या खाली उतरली होती. पण निकाल बघून चाचणी बदलणं मला पटेना. प्रबंधात दोन्ही आकडे दिले, मान-व्हिटनी आधी ठरवली होती हेही लिहिलं, आणि झाडं कमी पडल्याचं स्पष्ट नोंदवलं.