रिकर्सिव्ह क्वेरी कळत नाही? वंशावळ मांडा

रिकर्सिव्ह क्वेरी म्हणजे आपल्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. ती समजायला नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे असते तशी वंशावळ डेटाबेसच्या टेबलात भरा: आयडी, नाव, वडिलांचा आयडी. आठ-दहा ओळी पुरेत. 'विथ रिकर्सिव्ह' (अशी क्वेरी याच शब्दांनी सुरू होते) लिहिण्याआधी फेऱ्या वहीत मांडाच. क्वेरीचे दोन भाग असतात. पहिला भाग एकदाच चालतो, त्यात मूळ पुरुष येतो. दुसरा भाग फेऱ्या मारतो: पुढच्या फेरीत मुलं, मग नातवंडं. खरी मेख इथे आहे: प्रत्येक फेरीला फक्त आधीच्या फेरीत सापडलेल्या ओळी दिसतात, आतापर्यंतचा सगळा गोतावळा नाही. नवी ओळ मिळाली नाही की क्वेरी थांबते. 'पिढी' कॉलम ठेवून दर फेरीला १ वाढवा. कुठली ओळ कधी आली ते लख्ख दिसतं. नातवाच्या नोंदीखाली चुकून आजोबाच मुलगा म्हणून लागले, तर क्वेरी गोल फिरत राहते. म्हणून दुसऱ्या भागात 'पिढी < १०' ही अट हवीच. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर आवृत्ती ८.० किंवा पुढची घ्या.