स्क्वॉशमध्ये केएमएस घालताना या चुका टाळा

लिंबाचं स्क्वॉश महिन्याभरात फसफसलं की आपण बाटलीला नाहीतर झाकणाला दोष देतो. बऱ्याचदा चूक केएमएस, म्हणजे स्क्वॉश टिकवण्यासाठी घालायची पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर, वापरण्यात असते. पाण्यात त्याचं बायसल्फाइट होतं आणि आंबट रसात त्यातून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. शाळेत त्याला सल्फ्युरस आम्ल म्हणून शिकवतात. प्रत्यक्षात पाण्यात त्या आम्लाचे रेणू जवळपास नसतातच, असतो तो विरघळलेला वायू. बुरशी आणि यीस्टला रोखतो तोही हाच.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रस पुरेसा आंबट नसणं. सामू (pH, जितका कमी तितका रस आंबट) 3 असेल तर मोकळ्या, म्हणजे रसातल्या इतर घटकांशी न बांधलेल्या, सल्फाइटपैकी सुमारे 6 टक्के वायूच्या रूपात असतो. सामू 4 झाला की जेमतेम 0.6 टक्के! गोड आमरसात केएमएस दुप्पट करून फक्त वास वाढतो. आधी सायट्रिक ॲसिड घाला.

मात्र दोन्ही पावडरी एकाच वाटीत, चमचाभर पाण्यात कालवू नका. वायू भसकन नाकात जातो, ठसका लागतो आणि स्क्वॉशच्या वाट्याला कमीच उरतो. केएमएस वेगळं विरघळवा आणि पाक पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. गरम पाकातून वायू उडून जातो.

अंदाजे चिमूट नको. स्क्वॉशला किलोमागे 350 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आहे. त्यासाठी साधारण 0.6 ग्रॅम केएमएस पुरतं. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या.

कोकम, जांभूळ, काळी द्राक्षं यांना केएमएस नकोच, रंग फिका पडतो. तिथे सोडियम बेंझोएट हे दुसरं टिकाऊ रसायन वापरा. (साखर कारखान्यात उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडतात, तो रंग काढण्यासाठीही.)

गेल्या उन्हाळ्यातलं उघडं पाकीट हुंगून बघा. झणझणीत वास नसेल तर हवेने त्याचं सल्फेट झालंय. त्याने काहीही टिकत नाही.

फसफसायला लागलेल्या बाटलीत वरून केएमएस घालण्यात अर्थ नाही. यीस्टने बनवलेलं ॲसिटाल्डिहाइड सल्फाइटला बांधून टाकतं. बाटली ओतून द्या. आणि घरात कुणाला दमा असेल तर हे स्क्वॉश देऊ नका. सल्फाइटने काहींना झटका येतो.