चित्र आणि सजगता: सत्र घेणाऱ्यांनी या चुका टाळा

गटात चित्रं काढायची, माती हाताळायची आणि सजगतेचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, सराव करायचा, अशी मनासाठीची सत्रं घेणाऱ्यांसाठी हे. समोरच्याचं चित्र बघून त्याचं मन सांगायला जाऊ नका. काळा रंग दिसला की निराशा, दार नसलेलं घर दिसलं की एकटेपणा, ही सत्र घेणाऱ्यांची जुनी खोड आहे. बेळगावात वडगावच्या एका गटात यंत्रमागावर काम करणाऱ्या मावशींनी अख्खा कागद उभ्या काळ्या रेघांनी भरला. दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आलेल्या ताईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मावशी, तुम्हाला कोंडल्यासारखं वाटतंय." मावशी म्हणाल्या, "ताणा की हो तो, मागावरचे उभे धागे! सकाळी सूत तुटलेलं, तेच डोक्यात होतं." बाया हसल्या. मावशी पुढच्या वेळी आल्या नाहीत. त्या रेघांमागे तुटलेल्या सुतापेक्षा जास्त काही होतं का, हे विचारायची वेळच ताईंनी घालवली.

रंगांचे ठरलेले अर्थ सांगणारे तक्ते फाडून टाका. विचारायचं एवढंच: सुरुवात कुठून केली? हात कुठं थांबला? मग गप्प बसायचं, निदान पाच-सहा श्वास. नवशिक्यांना ही शांतता सोसत नाही, ते लगेच पुढचा प्रश्न टाकतात आणि येऊ घातलेलं बोलणं तिथंच मोडतं. गटातल्या बाकीच्यांनीही दुसऱ्याच्या चित्रावर मत द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरी चूक जास्त धोक्याची: सगळ्यांना डोळे मिटायला लावून वीस मिनिटं श्वासावर बसवणं. मारहाण, अपघात किंवा अचानक झालेला मृत्यू ज्यांनी पाहिलाय, त्यांच्यासमोर डोळे मिटले की तेच उभं राहू शकतं. दमा किंवा धडधडीचा त्रास असणारे श्वासाकडे बघूनच घाबरू शकतात. म्हणून डोळे उघडे, नजर जमिनीवर एका जागी, पायाचे तळवे फरशीला टेकलेले, आणि सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच. श्वास नको असेल तर हातातल्या मातीचा गारवा पुरे. कुणाचा श्वास भरभर चालला, नजर थिजली, हात गार पडले तर ध्यान तिथंच थांबवा. हळू आवाजात नावानं हाक मारा, खोलीतल्या पाच वस्तू मोठ्यानं सांगायला लावा, पाय जमिनीवर दाबायला सांगा. "सोडून द्या, श्वासाकडे बघा" हे त्या घटकेला अजिबात म्हणू नका.

साहित्याकडे तर कुणी बघतच नाही. वहीच्या पातळ कागदावर जलरंग दिले की कागद फुगतो, फाटतो, आणि माणूस म्हणतो, मला काही जमत नाही. जलरंगाला किमान 200 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणारा जाड कागद घ्या. आधीच गोंधळलेल्या माणसाला पातळ, वाहणारा रंग देऊ नका, तो हातातून सुटतो तशी घालमेल वाढते. त्याला पेन्सिल किंवा तेलखडू द्या. फारच आखडून बसणाऱ्याला ओली माती चालते. आपल्याकडे खानापूरची कौलांची आणि कुंभारकामाची माती जवळच मिळते, बाजारातल्या रंगीत क्लेपेक्षा ती कितीतरी बरी. माणशी 400 ग्रॅम धरा, बारा जणांना पाच किलो. आदल्या रात्री मळून ओल्या फडक्यात ठेवा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा: चिरा पडल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त.

सत्राचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. छोट्या गावात चित्र कुणाचं ते लगेच ओळखू येतं.

सूचना पुस्तकी मराठीत देऊ नका, आणि चिकोडी-अथणीकडच्या बाया मधेच कन्नडात बोलू लागल्या तर बोलू द्या.

एका बैठकीत गुण येतो असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रमसुद्धा आठ आठवड्यांचा आहे, वर घरचा रोजचा सराव.

गोळ्या बंद करायला सांगणं तर कुणाच्याच अधिकारात नाही, ते डॉक्टरांचं काम. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर तिथूनच फोन लावा. हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. उपचाराला धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, जवळ आहे.

शेवटची दहा मिनिटं हात धुण्यासाठी राखा, घाईनं उठवू नका. मातीचे हात नळाखाली धुऊ देऊ नका, मोरी तुंबते. बादलीत धुवा, रात्रभर गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि खालची माती पुढच्या वेळेसाठी पिशवीत भरा.