आर्टरियल लाइन शिकताना: नजर सुईच्या टोकावर ठेवा

अ‍ॅनेस्थेशियाला नव्याने आलेल्या रेसिडेंट मुलामुलींना सोनोग्राफीवर रेडियल आर्टरियल लाइन (बीपी सतत मोजण्यासाठी मनगटातल्या रेडियल धमनीत घातलेली बारीक नळी) शिकवताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगते. स्क्रीनवर पांढरा ठिपका दिसला म्हणजे सुईचं टोक दिसलं, असं समजू नका. शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये, म्हणजे प्रोब (सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग) धमनीला आडवा धरला की, त्याचा बीम (ध्वनिलहरींचा झोत) सुईला आडवा छेदतो. तो टोकाला छेदो की मधल्या दांड्याला, ठिपका जवळपास सारखाच दिसतो. ठिपका धमनीच्या वर दिसत असताना टोक मागची भिंत फोडून पुढे गेलेलं असू शकतं.

म्हणून टोकाचा पाठलाग करत जायची पद्धत आधी शिका. धमनी स्क्रीनच्या मधोमध घ्या, सुई साधारण ३० ते ४५ अंशांत घाला. ठिपका दिसला की सुई थांबवा आणि प्रोब कोपराच्या दिशेने किंचित सरकवा. ठिपका नाहीसा व्हायला हवा. मग ठिपका पुन्हा उमटेपर्यंतच सुई पुढे न्या. एका वेळी एकच हात हलला पाहिजे. ठिपका धमनीच्या काळ्या वर्तुळात आला, हबमध्ये (सुईच्या मागच्या टोकाशी) रक्त दिसलं, की बहुतेक जण स्क्रीनवरची नजर काढून घेतात आणि लाइन तिथेच हुकते. कॅन्यूलाची (सुईवर चढवलेल्या मऊ नळीची) कड सुईच्या टोकाच्या थोडी मागे असते. रक्त आलं तरी ती अजून भिंतीबाहेर असू शकते. सुईचा कोन कमी करा, ठिपका वर्तुळाच्या मध्यभागी ठेवून तसंच आणखी थोडं आत जा, मगच कॅन्यूला सरकवा.

लाँग अ‍ॅक्सिसमध्ये, म्हणजे प्रोब धमनीच्या लांबीला समांतर धरला की, सगळी सुई लांबीभर दिसते, त्यामुळे ती पद्धत सोपी वाटते. पण मोठ्या माणसाची रेडियल जेमतेम २ ते ३ मिलिमीटर रुंद. प्रोब केसभर सरकला तरी धमनी जाते, आणि बीमला स्वतःची जाडी असल्याने धमनीच्या शेजारून जाणारी सुईसुद्धा आत असल्यासारखी भासते. वयस्कर पेशंटची वळणावळणाची, कॅल्शियम साचलेली धमनी तर एका रेषेत सापडतच नाही. हाताने नाडी चाचपून लाइन टाकण्यापेक्षा सोनोग्राफीने पहिल्याच प्रयत्नात यश जास्त मिळतं, हे अभ्यासांत दिसलंय. शॉर्ट की लाँग यावर मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. माझं मत शॉर्टच्या बाजूने आहे.

तिसरी पद्धत म्हणजे मुद्दाम मागची भिंत पार करायची, सुई काढायची, कॅन्यूला हळूहळू मागे घ्यायची आणि रक्ताची धार आली की गाइडवायर (कॅन्यूलाला वाट दाखवणारी बारीक तार) घालायची. अनेक सीनियर ही सफाईने करतात. पण धमनीला दोन भोकं पडतात, म्हणून सुरुवात हिने करू नये असं मला वाटतं.

निम्मं काम सुई टोचण्याआधीचं असतं. मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, पण हात फार मागे वाकवू नका. धमनी ताणून चपटी होते. स्क्रीन नजरेच्या सरळ रेषेत हवी, डेप्थ २ सेंटिमीटरच्या आसपास. प्रोब दाबू नका, बीपी कमी असेल तर धमनीही दबते आणि शीर कुठली, धमनी कुठली ते कळत नाही. पेशंट जागा असेल तर लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) द्याच. सराव चिकनच्या तुकड्यात पाण्याने भरलेली बारीक रबरी नळी खुपसून करा. प्रोब आणि सुई आलटून पालटून हलवायची सवय तिथेच लागते.

लाइन लागल्यावर ट्रान्सड्यूसर (लाइनमधला दाब मोजणारा सेन्सर) उजव्या एट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) पातळीला आणून झिरो करा. तो १० सेंटिमीटर खाली राहिला तर बीपी ७ ते ८ एमएमएचजीने जास्त दिसतं, आणि टेबल वरखाली झालं की हे हमखास होतं. लाइनवर ‘आर्टरियल’ असं ठळक लेबल लावा. त्यात चुकून औषध गेलं तर बोटांवर बेतू शकतं.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा आणि सीनियरला हाक मारा. वारंवार टोचल्याने धमनी आकसते आणि पुढच्याचंही काम अवघड होतं. त्याच हाताच्या अल्नरकडे (मनगटाच्या करंगळीकडच्या धमनीकडे) वळू नका, दुसऱ्या मनगटावर प्रोब ठेवून बघा.