बातमीपत्राचा इतिहास लिहायचाय? आधी बसचं वेळापत्रक काढा

एमएच्या प्रकल्पासाठी एक मुलगी घरी आली होती. केबलवरच्या संध्याकाळच्या मराठी बातमीपत्राचा इतिहास तिला लिहायचा होता. वहीत संपादकांची नावं होती आणि पहिल्या प्रसारणाची तारीख. म्हटलं, "बाये, ही तर लग्नपत्रिका झाली. संसार कुठाय?"

त्या बातमीपत्रासाठी मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून नऊ वर्षं बातम्यांच्या चित्रणाच्या कॅसेटी पाठवल्या. तिला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

सुरुवात करा ती कॅसेट कशी जायची इथून. सत्तरीतल्या वाळपईहून दुपारी सुटणाऱ्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या कंडक्टरकडे मी पाकीट द्यायचो. होंडा, साखळी करत गाडी पणजीला पोचली की कार्यालयातला पोरगा स्टँडवर ते उचलायचा. ती बस चुकली की बातमी उद्यावर. म्हणजे आमच्या बातमीपत्रात सत्तरीत दुपारनंतर काही घडायचंच नाही! एकदा म्हादई नदीचं पाणी रस्त्यावर आलं, मी गुडघाभर पाण्यात उभं राहून शूट केलं आणि नेमकी होंड्याला गाडी बंद पडली. त्या संध्याकाळी लोकांनी पणजीतलं वृक्षारोपण पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझा पूर डेस्कला शिळा वाटला. म्हणून संपादकाची मुलाखत घ्याच, पण स्टँडवरचा पोरगा, एडिटर, ड्रायव्हर यांच्याकडे आधी जा. सगळ्यांना एकच विचारा: "किती वाजेपर्यंत आलेली कॅसेट घेत होता?" बातमीपत्राचा नकाशा त्या उत्तरातून निघतो.

जुने भाग वाहिनीकडे मिळतील या भरवशावर राहू नका. आमच्याकडे टेप महाग, त्यामुळे त्याच टेपवर पुन्हा शूट व्हायचं. माझा अर्धा पाऊस कुणाच्या तरी सत्कारसमारंभाखाली गाडला गेलाय. भाग सापडतात ते लोकांच्या घरी, लग्नाच्या कॅसेटच्या शेपटाला. गावचा कार्यक्रम बातम्यांत दिसणार म्हटलं की घरातली हाताला लागेल ती कॅसेट व्हीसीआरमध्ये जायची.

अशी व्हीएचएस मिळाली की लगेच लावून बघायची घाई नको. आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड उजेडात धरून पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेली कॅसेट तिच्याशिवाय सापडणं कठीण. ती तशीच लावली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, साफ करणाऱ्या माणसाकडे न्या. कॅसेट स्वच्छ असेल तर लेबलाच्या कडेला टोकाशी प्लास्टिकची छोटी पट्टी असते, ती स्क्रूड्रायव्हरने मोडा. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वरून काही रेकॉर्ड होणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणा, टेप सारखी बसते. त्यानंतरच कॉपी.

तारीख ठरवणं ही खरी डोकेदुखी. लेबलावर नुसतं "बातम्या, पूल" असतं. कुठला पूल? मांडवीवरचा नेहरू पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, नवा 1992 मध्ये आला, अटल सेतू 2019 मध्ये. मग पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. गोवा केंद्रशासित म्हटलंय तर 30 मे 1987 च्या आधीचं. मुंबई दूरदर्शनच्या बातम्या असतील आणि कोपऱ्यात 'सह्याद्री' असेल तर 2000 च्या एप्रिलनंतरचं, कारण वाहिनीला ते नाव तेव्हा मिळालं. चित्रांवर मात्र विसंबू नका. खाणी 2012 च्या सप्टेंबरात बंद पडल्या, तरी खाणीची बातमी आली की भरलेले ट्रक धावायचेच. ते फाईल शॉट्स, म्हणजे साठवून ठेवलेलं जुनं चित्रण! त्यातला एक माझाच, लाल धुळीत डाव्या बाजूला सायकलवाला आहे. तो इतक्यांदा लागला की त्या सायकलवाल्याची मला काळजी वाटायची. अंदाज आला की पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या आठवड्याचे गोमंतक, नवप्रभा काढून ताडून पाहा.

आता मोजणी, कुठल्या तालुक्याला किती वेळ मिळाला याची. मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, प्रत्येक बातमीचे सेकंद लिहा आणि गोव्याच्या बारा तालुक्यांपैकी कुठली ते लिहा. इथे सगळे चुकतात. निवेदिका "सत्तरीतील शेतकऱ्यांना दिलासा" म्हणते, पण कॅमेरा उभा असतो पर्वरीला विधानसभेच्या दारात. ती बातमी पर्वरीची, म्हणजे बार्देश तालुक्याची. कॅमेऱ्याचे पाय जिथे, तो तालुका. त्या मुलीने आठ भाग असे मोजले. सत्तरीच्या खात्यातून निम्म्याहून जास्त बातम्या उडाल्या.

बाईटची, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या माणसाच्या तुकड्याची भाषाही वेगळ्या रकान्यात लिहा. वाचन मराठीत आणि माणूस कोंकणीत, हे आमच्याकडे रोजचं. "पावस खूब पडलो, शेत व्हांवन गेलें" असं बाई बोलली असेल तर तसंच उतरवा, मराठी करू नका. तिचं बोलणं मध्येच कापून वर व्हीओ, म्हणजे निवेदकाचा आवाज चढवलाय का, तेही नोंदवा. मंत्र्याचा बाईट सहसा पूर्ण असतो, हे तुम्हाला दुसऱ्या भागापर्यंत कळेलच.

आणि कॅसेट परत देताना त्यावरचं लग्नही पेनड्राइव्हवर घालून द्या. मी एका घरी तसं दिलं. म्हातारीने नवऱ्याला बाशिंगात पाहिलं, डोळे पुसले आणि आत जाऊन माळ्यावरची आणखी एक पिशवी आणली. अकरा कॅसेटी निघाल्या, त्यातल्या चारांच्या शेपटाला बातम्या.