प्रीबायोटिक फायबर सुरू करताय? या चुका टाळा

आहारसल्ल्याचं काम करताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आधीच ते मला ऐकू येतं. "मॅडम, मला फायबर सोसत नाही." बहुतेकांना सोसलेली नसते ती घाई. प्रीबायोटिक फायबर म्हणजे आपल्याला न पचणारं, पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं असलेलं फायबर.

गेल्या पावसाळ्यात बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ आले. चिकोरीच्या मुळापासून काढलेल्या इन्युलिन या प्रीबायोटिक फायबरच्या पावडरीचा डबा त्यांनी मागवला होता. पहिल्याच सकाळी दोन मोठे चमचे शीग लावून ताकात ढवळले, म्हणजे सहज 15 ग्रॅमच्या वर गेले. दुपारच्या डब्यात मटकीची उसळ, रात्री भरपूर कांदा घातलेलं थालीपीठ. तिसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं, कळा सुरू झाल्या आणि घरच्यांनी घाबरून दवाखान्यात नेलं. निघाला नुसता गॅस. गृहस्थांनी डबा कचऱ्यात टाकला आणि उसळही कायमची बंद करायचं ठरवलं. मला वाईट वाटलं ते उसळीचं.

इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू, विशेषतः बायफिडोबॅक्टेरियम, ते आंबवतात. बायफिडो स्वतः ब्युटिरेट हे छोटं फॅटी आम्ल बनवत नाहीत. त्यांनी सोडलेलं अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट दुसरे जिवाणू उचलतात आणि त्याचं ब्युटिरेट करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी प्रामुख्याने याच ब्युटिरेटवर जगतात. या सगळ्यात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड सुटणारच. थोडा वायू धरणं म्हणजे काम चालू आहे. पण ज्या आतड्याला वर्षानुवर्षं मैद्याची सवय आहे, त्याच्यावर एकदम 15 ग्रॅम ओतले तर कळा येतीलच.

मी अर्ध्या लहान चमच्याने सुरुवात करायला सांगते, तीही जेवणाबरोबर. आठवडाभर तेवढंच. मग अर्धा चमचा वाढवायचा, पोट गच्च वाटलं तर मागच्या मापावर यायचं. दीड-दोन लहान चमच्यांपुढे, म्हणजे साधारण 5 ग्रॅमपुढे, मी सहसा कुणाला नेत नाही. उरलेलं ताटातून येऊ दे. ज्यांना "चार दिवसांत फरक" हवा असतो, त्यांना मी डबा विकतच घेऊ नका म्हणते. त्या गृहस्थांना पोट सरावायला दीड महिना लागला. आता ते आठवड्यातून तीनदा उसळ खातात, पावडर बंद आहे.

दुसरी चूक मला जास्त छळते: इसबगोलाला प्रीबायोटिक समजणं. इसबगोल पाणी धरून फुगतं, मल मऊ करतं, कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं. चांगली वस्तू आहे. पण आतड्यातले जिवाणू ते फारसं आंबवू शकत नाहीत. रोज रात्री इसबगोल घेऊन "जिवाणूंची सोय झाली" म्हणणाऱ्यांनी ताटात कांदा, लसूण, कडधान्यं किती आहेत ते आधी मोजावं. आणि इसबगोल कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकतं. मोठा पेला पाणी हवंच.

दही प्रोबायोटिक असू शकतं, प्रीबायोटिक नव्हे. दह्यातून जिवाणू मिळतात, फायबरमधून त्यांचं खाणं.

कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च शिजवल्यावर बराचसा पचणारा होतो. भाजी जरूर खा, पण त्या स्टार्चचा हिशेब धरू नका. भात किंवा बटाटा शिजवून गार केला की उलट थोडा न पचणारा स्टार्च तयार होतो, आणि पुन्हा गरम केला तरी सगळा जात नाही. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, लवकर फ्रिजमध्ये टाका.

कडधान्यं भिजवलेलं पाणी फेका. त्यात रॅफिनोज, स्टॅकिओज हे साखरेचे प्रकार उतरलेले असतात, ते पचवायचं एन्झाइम आपल्याकडे नाही. तेही जिवाणूंचंच खाद्य आहे, म्हणून पोट सरावलं की मी पाणी फेकण्याचा आग्रह सोडते.

आयबीएस (कळा, गॅस, बिघडलेली शौच असा आतड्याचा जुनाट त्रास) असेल तर कांदा-लसणातले फ्रुक्टॅन, म्हणजे इन्युलिनच्याच जातीचं फायबर, बऱ्याचदा त्रास देतात. अशांना मी अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकायला सांगते. फ्रुक्टॅन तेलात विरघळत नाहीत, स्वाद मात्र उतरतो. शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर फायबरचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांकडे जा.