पेलेट टेस्टिंग करताय? आधी या चुका टाळा

बालेवाडीच्या रेंजवर मध्ये एक काकू भेटल्या. मुलगी दहावीत, दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल मारतीये. पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांचे, ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असे वेगवेगळ्या हेड साइझचे (पुढच्या टोकाचा व्यास) डबे आणले, मुलीने प्रत्येकातले पाच-पाच शॉट मारले, ज्याचा ग्रुप (शॉट किती पसरले ते) सगळ्यात लहान त्याचे वीस डबे एकदम मागवले, आणि दोन महिने झाले तरी स्कोअर आहे तिथंच. "सर, पेलेट चुकीची निघाली का हो?" असं विचारत होत्या आणि पोरगी शेजारी मान खाली घालून उभी. मला फार वाईट वाटलं, कारण चूक तिच्या नेमबाजीत नव्हतीच, टेस्टमध्ये होती.

सगळ्यात मोठी चूक हीच, पाच शॉटवर निकाल लावायचा. एकदा मी मुद्दाम एकच डबा घेतला, रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बांधली आणि काहीही न बदलता पाच-पाचचे चार ग्रुप मारले. सगळ्यात लहान आला १.१ मिमी आणि सगळ्यात मोठा २ मिमी! डबा तोच, रायफल तीच, माणसाचा हात मध्ये नाही. आता हेच चार ग्रुप चार वेगळ्या डब्यांचे आहेत असं कुणी सांगितलं असतं तर मी पण १.१ वाला "बेस्ट" म्हणून घेऊन आलो असतो ना. बाहेरच्या देशात सेंटरफायरवाले (बारूदाच्या काडतुसांच्या रायफली वापरणारे) गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळीत, किती खोल बसवायची ते इंचाच्या हजाराव्या भागात बदलत बसतात, तिथेही लोक नेमके इथेच फसतात, तीन शॉटचा छोटा ग्रुप दिसला की झालं. तर प्रत्येक डब्याचे निदान ३०-४० शॉट मारा. आणि एकाचे पाच, दुसऱ्याचे दहा अशी तुलना तर करूच नका, जास्त शॉट म्हणजे ग्रुप मोठा होणारच.

यात एवढं डोकं का घालायचं तर हिशोब बघा. डेसिमल स्कोअरिंगमध्ये (एका शॉटला दशांशात, १०.९ पर्यंत गुण) प्रत्येक ०.१ म्हणजे ०.२५ मिमी. सेंटरपासून १.५ मिमीवर लागली तर १०.४, १.२५ वर लागली तर १०.५. साठ शॉटमध्ये प्रत्येकी ०.१ वाढला की ६ पॉइंट, आणि ६ पॉइंटात फायनलची जागा जाते.

दुसरी चूक, खांद्याला लावून टेस्ट करणं. आपला होल्ड (रायफल धरलेला हात) पेलेटच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त हलतो, त्यामुळे त्या टेस्टमध्ये पेलेट नाही, त्या दिवशीची आपली झोप मोजली जाते. क्लॅम्प नसेल तर रेंजवर विचारा, कुणाकडे ना कुणाकडे असतो.

पेपर टार्गेटवर दहा शॉट एकाच भोकात मारून मग स्केल लावणारे पण खूप आहेत. भोक फाटतं, कडा दिसत नाही, मोजणार काय? इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळालं तर उत्तम, नाहीतर दर पाच शॉटला नवीन कागद लावा आणि सगळ्या ग्रुपची सरासरी काढा. ग्रुप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलात तर त्यातून ४.५ मिमी वजा करायला विसरू नका.

डबा बदलला की पहिले आठ-दहा शॉट मोजायचे नाहीत, बॅरलला नवीन पेलेटची सवय होऊ द्या.

आता लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेल्या खेपेचा नंबर. ब्रँड तोच, हेड साइझ तीच, तरी लॉट बदलला की पेलेट वेगळी वागू शकते. टेस्ट एका लॉटची आणि ऑर्डर दुसऱ्याच लॉटची, असं सर्रास होतं. डब्यावरचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानदाराला तोच मागा.

डबा गाडीच्या डिकीत टाकून खड्ड्यांतून आणत असाल तर कृपा करून थांबा. पेलेट उजेडात धरून मागची कड बघा, गोल असायला हवी, ती जराशी जरी चेपली असेल तर ती पेलेट बाजूला काढा. अधूनमधून एखादा शॉट उगाच बाहेर जातो ना, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

ग्रुप उभा लांबट येत असेल तर आधी वेग बघा. १७० आणि १७५ मीटर प्रति सेकंद यात १० मीटरवर जवळपास १ मिमी वर-खाली होतं, म्हणजे चार डेसिमल, तेव्हा रायफलच्या हवेच्या सिलेंडरचं प्रेशर टेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी लिहून ठेवा. आणि ग्रुपचे दोन वेगळे पुंजके दिसले तर पेलेटला हात लावू नका, काहीतरी सैल आहे. क्लॅम्प, स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, नेम धरायची साइट, सगळं एकेक करून तपासा, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

काकूंच्या मुलीचे दोन डबे आम्ही क्लॅम्पवर परत मारले, प्रत्येकी चाळीस शॉट. फरक नव्हताच. मग ॲलन की घेऊन बसलो तर मागच्या साइटचा स्क्रू बोटाने फिरत होता. तो घट्ट केला, आणि आता ती तेच वीस डबे वापरतीये.